लग्नाचं लॉन्स काढतोय, पण पाणी-कचऱ्याचं गणित बसत नाही

मळेवाला (सिन्नर):

मंडळी, नमस्कार. सिन्नर-शिर्डी रस्त्याला लागून आमची दोन एकर मुरमाड जमीन आहे. बाजरी-सोयाबीन करून हाती काही उरत नाही, म्हणून मी आणि माझे मेहुणे मिळून तिथं लग्नाचं लॉन्स काढायचं ठरवलंय. बिनशेतीचं प्रकरण दाखल केलंय. ६० बाय १०० फुटांची पत्र्याची शेड, समोर वीस गुंठे हिरवळ, मागं स्वयंपाकाची जागा आणि संडास-बाथरूम असा नकाशा आहे. आठशे-हजार माणसांचं लग्न व्हावं एवढी सोय करायचीय.

अडचण अशी की आमच्या भागातली दोन-तीन कार्यालयं मी बघून आलो. प्रत्येकाच्या मागचा ओढा ताटल्या-पेल्यांनी भरलेला. एप्रिलपासून टँकरची रांग. माझी आई सरळ म्हणाली, "गावाचं पाणी ओढून गावात लग्नं लावणार असशील तर मला उद्घाटनाला बोलवू नको." आमच्याकडे एक विहीर आणि एक बोअर. मार्च सरला की दोन्ही तळाला जातात.

एका सल्लागाराने 'पर्यावरणपूरक प्रस्ताव' म्हणून सोलर, बायोगॅस, उभी बाग, कारंजं आणि सेन्सरचे नळ असं मिळून कोटेशन दिलंय. आकडा बघून मेहुणे गप्प झाले. सगळं एकदम जमणार नाही. तर पैसा आधी कुठं घालावा? कुणी प्रत्यक्ष चालवत असेल तर सविस्तर सांगा. माहितीपत्रकातलं ज्ञान नको, ते माझ्याकडे भरपूर जमलंय.

बांधावरचा:

माझं लॉन्स नाही, माझ्या बांधाला लॉन्स आहे. त्यामुळे सल्ल्याऐवजी तक्रार देतो, तुमच्या कामाला येईल.

नवरा-नवरी स्टेजवर आले की ते पेपर ब्लास्ट उडवतात ना, चमकीच्या कागदाचं? वारा पश्चिमेचा असला की ती सगळी चमकी माझ्या कांद्याच्या रोपात येऊन बसते. वाफ्याला पाणी दिलं की पातीला चिकटते. एकेक तुकडा हाताने वेचावा लागतो, कारण तो कागद नसतोच, प्लॅस्टिक असतं. दुसरं म्हणजे फटाके. माझी कडब्याची गंज लॉन्सच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येक वरातीला मी पाण्याचा पंप लावून रात्री उभा. आणि डीजे सुरू असला की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध चोरते. रात्री दहाला आवाज बंद करायचा कायदा २००० सालापासून आहे. पोलिसांना फोन केला तर गावात वाईटपणा मला येतो, मालकाला नाही.

तुम्ही सोलर लावा नाहीतर लावू नका. शेजाऱ्याला आधी विचारा.

माणदेशी:

मी माण तालुक्यात दहिवडीच्या बाजूला माझ्या दिरांबरोबर कार्यालय चालवते. आमच्याकडे पाऊस तुमच्याइतकाच, किंबहुना कमी. तेव्हा अनुभवाचं सांगते. लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्या सल्लागाराचा कागद न बघताच सांगते, तो घरासाठी किंवा हॉटेलसाठी बनवलेला कागद आहे. घरात रोज थोडं पाणी लागतं, रोज थोडा कचरा निघतो. लग्नाच्या धंद्यात तसं नसतं. आठ दिवस काही नाही, मग दाट तिथी आली की दोन दिवसांत दोन हजार माणसं. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, चार महिने जवळपास शुकशुकाट. आणि सगळ्यात जास्त लग्नं कधी? एप्रिल-मे, विहिरीला पाणी नसतं तेव्हा. जी गोष्ट बसवाल ती या झटक्याला टिकणारी हवी. रोज चारा मागणारी गोष्ट बसवाल तर ती उपाशी मरेल, नाहीतर अजीर्णाने मरेल.

आधी हिरवळ. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर धरा. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज पाच मिलिमीटर पाणी लागतंच. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. गुणा. रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर, लग्न असो वा नसो. एप्रिल-मे दोन महिन्यांत सहा लाख लिटर. आता पाहुण्यांचं बघा. हात धुणं, संडास, स्वयंपाक, भांडी सगळं धरून आमच्याकडे माणशी पंधरा लिटरच्या आसपास जातं. हजार माणसांचं लग्न पंधरा हजार लिटरमध्ये होतं. म्हणजे तुमची हिरवळ दोन महिन्यांत चाळीस लग्नांचं पाणी पिणार. तुमच्या आईंना हे गणित न करता कळलंय.

तेव्हा नकाशातून हिरवळ खोडा. बोर्डावर 'लॉन्स' लिहायला कुणी अडवत नाही, आमच्या बोर्डावरही आहे. स्टेजच्या समोर फोटोपुरती दोन गुंठे ठेवा, बाकी मुरूम दाबून रोलर फिरवा आणि झाडं लावा. कडुलिंब, करंज, चिंच. चिंचेला वेळ लागतो, पण तुमची मुलं तिच्या सावलीत लग्नं लावतील. तोवर शेडनेट. सावली मिळाली की जम्बो कूलर निम्म्यावर येतात, आणि ते कूलरही पाणीच पितात हे लोक विसरतात.

पत्र्याची शेड हा तुमचा खरा पाऊस आहे. सहा हजार चौरस फूट म्हणजे साडेपाचशे चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वाया जाणारं वजा केलं तरी दोन-सव्वादोन लाख लिटर पाणी पन्हाळीतून खाली येतं. चौदा-पंधरा लग्नांचं पाणी आहे ते. पण पडतं जूनमध्ये आणि लागतं एप्रिलमध्ये. उघडं शेततळं कराल तर उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर आभाळात जातं, दोन महिन्यांत दीड फूट तळं नुसतं उडतं. म्हणून जमेल तेवढी झाकलेली जमिनीखालची टाकी करा. तिच्यात न मावणारं पाणी गाळून बोअरला सोडा. पैसा इथं घाला. कारंजं नको, सेन्सरचे नळ तर अजिबात नकोत. लग्नात लहान पोरं त्याच्यासमोर हात हलवत उभी राहतात.

आता सांडपाणी. स्वयंपाकाच्या मागच्या मोरीतून जे येतं ते पाणी कमी आणि तेल जास्त असतं. ते थेट शोषखड्ड्यात सोडलं की एका हंगामात खड्डा मेला. मातीच्या छिद्रांत तेल बसलं की पाणी मुरत नाही. मध्ये तीन कप्प्यांचा हौद करा. पाणी खालून पुढच्या कप्प्यात जातं, तेल वर तरंगत राहतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर ते तूप थिजल्यासारखं जमतं, झाऱ्याने काढायचं. हे काम कुणाचं ते आधी ठरवा, नाव घालून. आमच्याकडे ते दिरांचं आहे, आणि ते न करता त्यांना सकाळचा चहा मिळत नाही. पुढं ते पाणी कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्यातून फिरवून त्या दोन गुंठ्यांच्या हिरवळीला द्या. तेवढ्याला दिवसाला हजार लिटर पुरतं.

संडासाची टाकी सरासरीवर काढू नका, हजार माणसांच्या दिवसावर काढा. मुताऱ्यांचं पाणी वेगळं काढा म्हणजे टाकीवरचा भार कमी होतो.

कचऱ्यावर आता येते, कारण खरी गंमत तिथं आहे. बायोगॅसवाले आमच्याकडेही आले होते. मी नको म्हटलं. बायोगॅसला रोज खाऊ घालावं लागतं. रोज पंचवीस किलो शेण घातलं तर साधारण एक घनमीटर गॅस निघतो, ते शेतकऱ्याच्या घराला ठीक. तुम्ही आठ दिवस काही घालणार नाही आणि मग एका रात्रीत शंभर किलो भात-पुरी-बुंदी ओतणार. आत आंबट होऊन गॅस करणारे जंतू मरतात, गॅस बंद, मग परत शेण घालून महिनाभर वाट बघा. श्रावणात तर प्रश्नच मिटला.

आपल्या धंद्याला शोभतो तो नाडेपचा खताचा हौद. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांनी काढलेला, त्यांच्याच नावाची अक्षरं त्याला आहेत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीला हवेसाठी भोकं ठेवायची. त्याची अट काय माहितेय? एकदा भरायला घेतला की एक-दोन दिवसांत भरून लिंपून टाकायचा. थोडं थोडं महिनाभर टाकलेलं त्याला चालत नाही. म्हणजे बायोगॅसला जे चालत नाही नेमकं तेच याला हवं! दाट तिथीच्या दोन लग्नांचा ओला कचरा आणि आपल्या रानातल्या तुरकाठ्या, सोयाबीनचं भुसकट, पाचट यांत हौद भरतो.

भरायची पद्धत सांगते. खाली सहा इंच काडीकचरा, भाज्यांचे देठ, फुलं, केळीचे खांब तोडून. त्यावर चारेक किलो शेण दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर चाळलेली माती पन्नास-साठ किलो. परत काडीकचरा. असे अकरा-बारा थर. वर झोपडीसारखा उतार करून शेणमातीने लिंपायचं. दोन-तीन आठवड्यांत सात-आठ इंच खाली बसतो, तेव्हा वर परत थर द्यायचा आणि लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत. पाणी भरपूर लागतं हे खरं, पण ते धुण्याचं चालतं. ताटातलं खरकटं तेलकट असतं, ते मी थराला पाच किलोच्या वर घालत नाही आणि नेहमी मातीत घोळवून घालते, नाहीतर वास येतो आणि कुत्री लिंपण उकरतात.

हे सगळं जमायचं तर कचरा हौदापर्यंत स्वच्छ यायला हवा. ताट ठेवायच्या जागी तीन पिंपं आणि तिथं एक खमकी बाई उभी. पाटी लावून काही होत नाही. आमच्याकडे गावातल्या एक आजी उभ्या असतात, त्या फक्त बघतात. आमदारसुद्धा ताट झाडून ठेवतो. सगळ्यात वाईट काय सांगू? आइस्क्रीमचे चमचे. २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदी आहे, तरी केटररच्या खोक्यात निघतात. खतातून ते वेचायचे म्हणजे तांदळातले खडे वेचायचे. आणि कप कागदी दिसतो, आत प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. आम्ही आइस्क्रीमच बंद केलं. काडीची कुल्फी किंवा मठ्ठा.

सोलर शेवटी. वाईट नाही, उलट ते एक असं यंत्र आहे जे लग्न नसतानाही काम करतं आणि वीज कंपनीच्या खात्यात युनिट जमा करतं. दहा किलोवॅटला दिवसाला चाळीसेक युनिट मिळतात. पण पहिल्या वर्षी पैसे टाकीत घाला. लोकांना दुपारचा मुहूर्त घ्यायला सांगा, गोरज मुहूर्ताला रोषणाई आणि जनरेटर दोन्ही येतात. जनरेटर तासाला दहा-बारा लिटर डिझेल सहज खातो.

बांधावरचे दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं. त्याच्यावर वेगळं लिहिते.

पुसदकर:

आमच्या गावचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. ताईंनी नाडेप बरोबर सांगितला. एकच भर. हौदाला सावली ठेवा, उन्हाळ्यात वरचं लिंपण तडकतं आणि ओल उडाली की आतलं काम थांबतं. तडा दिसला की शेणकाल्याने बुजवा.

आणि पळसाच्या पत्रावळी घेताना जपून. आमच्याकडून ज्या हाताने टाचलेल्या जातात त्या निव्वळ पान आणि काडी. पण मशीनवर दाबलेल्यांत वर पान, खाली पुठ्ठा आणि मध्ये प्लॅस्टिकची फिल्म असा प्रकार बाजारात आहे. ओळखायचं सोपं आहे. एक पत्रावळ रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी पान आणि पुठ्ठा सुटून मध्ये पारदर्शक पापुद्रा हाताला लागला, की तो माल परत. चंदेरी द्रोण तर बघायचेच नाहीत.

जामनेरचा आचारी:

मी पंगतीचा स्वयंपाकी. खान्देशात अजून वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीवर लग्न होतं, खाली बसून, पळसाच्या पानावर. अन्न किती वाया जातं विचाराल तर जवळजवळ नाही. त्याचं कारण आमचे लोक फार शहाणे आहेत असं नाही, वाढप्याच्या हातात पळी असते हे आहे. बट्टी फोडून अर्धी वाढायची, वरण ओतायचं, माणसाने मान हलवली की पुढं. बुफेत माणूस स्वतः घेतो, परत रांगेत यायला लागू नये म्हणून एकदम घेतो. पोरगं चार गुलाबजाम घेतं आणि दोन टाकतं. तुम्ही काहीही करा, तुमच्या कचऱ्याचं वजन बुफेच्या टेबलावर ठरतं.

पार्टी म्हणते हजार माणूस. मी कधीच हजाराचं एकदम शिजवत नाही. वांगी चिरून ठेवतो, भाताचे तांदूळ धुऊन ठेवतो, बट्टी उकडून ठेवतो, तळायची शेवटी. मंगलाष्टकं सुरू झाली की बाहेर येऊन मांडवात नजर टाकतो आणि मग पुढचं भगोणं चढवतो. उकडलेली बट्टी उरली तर घरच्यांना संध्याकाळी तळून देता येते, शिजलेला भात उरला तर कुणाच्याच कामाचा नाही. मे महिन्यात दुपारी शिजवलेला भात संध्याकाळी वाटायला नेऊ नका, पुण्य लागायचं सोडून विषबाधा व्हायची. न वाढलेलं अन्न गरम आहे तोवरच पोचवा. ऊसतोडीची टोळी, वीटभट्टी, आश्रमशाळा, जे जवळ असेल त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

मालकांना एक विनंती. कढईतलं उरलेलं तेल मोरीत ओतणारा आचारी दिसला तर परत बोलावू नका. डब्यात भरून ठेवलं तर जैवइंधनासाठी घेणारे लोक आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची तशी योजना २०१८ पासून आहे. पण घेणारा कोण ते नीट विचारा. तेच तेल रस्त्यावरच्या भज्यांच्या गाडीवर जाणार असेल तर मोरी बरी म्हणायची वेळ येते.

ढोरांचा डॉक्टर:

वरचं वाचून राहवलं नाही. लग्नसराईत मला रात्री येणाऱ्या फोनपैकी बरेच "साहेब, गायीने कालच्या लग्नाचा भात खाल्ला" असे असतात. लोक धर्म म्हणून घमेलंभर भात-पुऱ्या गायीपुढं ओततात. गायीच्या पोटात हे शिजलेलं पिठूळ अन्न झपाट्याने आंबतं, लॅक्टिक आम्ल तयार होतं. रवंथ बंद, पातळ शेण, डोळे खोल, मग गाय बसते ती उठत नाही. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. शेळ्यांचं तर अजून लवकर. त्याशिवाय खरकट्यात टूथपिक, पिना, प्लॅस्टिक असतं ते वेगळंच.

गोशाळेला ट्रॉली पाठवू नका. गोशाळावालेही नाही म्हणायला संकोचतात. भाज्यांची न शिजवलेली पानं, देठ चालतात. शिजलेलं खाऊन जनावर सुस्त दिसलं तर घरचा काढा करत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. आणि हौदाला कुंपण घाला, मोकाट जनावरं वासाने येतात.

मळेवाला (सिन्नर):

एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. हिरवळीचा हिशेब मेहुण्यांना वाचून दाखवला. ते वहीत परत गुणाकार करून आले आणि म्हणाले, बाई बरोबर आहेत. वीस गुंठ्यांचे दोन गुंठे झाले. आईला सांगितलं, तिने फक्त "हं" केलं, पण आमच्या घरात "हं" म्हणजे मंजुरी.

दोन शंका. एक, ताटं स्टीलची घ्यावीत की पत्रावळी? स्टीलला पाणी लागतं, पत्रावळीचा कचरा होतो, सगळे उलटसुलट सांगतात. दुसरी, येणाऱ्या पार्टीला हे सगळं पटवायचं कसं? लोक पैसे मोजतात, त्यांना ब्लास्ट हवा असतो, डीजे हवा असतो. पहिल्याच वर्षी नियम लावले तर बुकिंग शेजारच्या लॉन्सला जाईल अशी धास्ती आहे.

माणदेशी:

स्टील. बिनधास्त. आमच्याकडे तीन घंगाळांत धुणं होतं. पहिल्यात खरकटं काढून खळबळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. ताट, दोन वाट्या आणि पेला मिळून दीड लिटरच्या वर जात नाही, कारण नळाखाली कुणी धूत नाही. हजार ताटांना दीड हजार लिटर. तुमच्या खोडलेल्या हिरवळीच्या एका दिवसाच्या पाण्यात सहा लग्नांची ताटं निघाली असती. लागतात ती माणसं. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना आम्ही ताटामागे पैसे देतो. भांडी गटाच्याच मालकीची आहेत, आम्ही भाड्याने घेतो. बाहेरच्या लग्नालाही ती जातात, त्यामुळे गटाला चार महिने बसून राहावं लागत नाही. पत्रावळी आम्ही फक्त हळदीच्या रात्री वापरतो, तेव्हा धुवायला बायका नसतात. आचारीदादांना वाईट वाटेल, पण माण तालुक्यात पळस कुठून आणायचा? जामनेरला पळसावरच जेवावं.

पाण्याच्या छोट्या बाटल्या अजिबात नकोत. दोन घोट पिऊन लोक खुर्चीखाली ठेवतात. जार, पिंप आणि पेले ठेवा, आणि कार्यकर्त्या पोरांना तांब्या घेऊन फिरवा. मान दिल्यासारखं वाटतं.

अक्षतांचं कुणी विचारलं नाही. हजार माणसांनी उधळलेला तांदूळ चपलांखाली जातो, ते बघवत नाही. आम्ही झेंडूच्या पाकळ्या वाटतो. भटजींच्या आणि घरच्यांच्या हातात तेवढ्या खऱ्या अक्षता. झेंडू शेजारच्या शेतकऱ्याचा घेतो, सजावटीलाही तोच. फुलवाल्याला फुलं खोचायचा हिरवा स्पंज वापरू देत नाही, तो प्लॅस्टिकच आहे आणि चुरा होऊन मातीत बसतो. आणि कृपा करून पाहुण्यांना रोपं वाटू नका. काळ्या पिशवीतलं रोप गाडीच्या डिकीत वाळतं, पिशवी रस्त्यात पडते. फोटो तेवढा छान येतो. टॉवेल-टोपीचा आहेर बंद करायला सांगितलं तर ते जास्त उपयोगाचं, पण तो मुद्दा काढायचा असेल तर दोन्हीकडचे मामा समोर नसताना काढा.

आता पटवण्याचं. पटवू नका, कागदावर आणा. बुकिंगच्या वेळी लोक खुशीत असतात, तेव्हा सही करतात. लग्नाच्या दिवशी कुणी ऐकत नाही. आमच्या करारपत्रातल्या ओळी देते, हव्या तशा बदला:

"पेपर ब्लास्ट, चमकी, फोम आणि थर्माकोल आवारात आणता येणार नाही. आढळल्यास अनामत रकमेतून शेजारच्या शेताच्या सफाईची मजुरी वजा होईल आणि ती थेट त्या शेतकऱ्याला दिली जाईल."

"ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद होईल. वीज कार्यालयाच्या ताब्यात राहील."

"फटाके फक्त रस्त्याच्या बाजूला, आखून दिलेल्या जागी."

"जेवण पंगतीचे घेतल्यास भाड्यात सवलत. बुफे घेतल्यास दहापेक्षा जास्त पदार्थ ठेवता येणार नाहीत."

"केटररने आणलेल्या डिस्पोजेबल वस्तूंची तपासणी आदल्या संध्याकाळी होईल. प्लॅस्टिक आढळल्यास खोके कार्यालयात जमा राहील, लग्नानंतर परत मिळेल."

पहिल्या ओळीतला 'थेट त्या शेतकऱ्याला' हा भाग महत्त्वाचा. आमच्या इथल्या शेजारच्या शेतकरीदादांना मी करारपत्राची प्रत दिली आहे. आता चमकी उडाली की तेच मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, मला कुणाशी भांडावं लागत नाही.

बुकिंग गेलं का? काही गेलं, विशेषतः डीजेवाल्यांचं. पण पंगतीची सवलत बघून दुसरे आले, कारण पंगतीत ताटं कमी लागतात हे मुलीच्या बापाला लगेच कळतं. त्या गोष्टीला मी पर्यावरण वगैरे नाव देत नाही, स्वस्त पडतं एवढंच सांगते. ते पुरतं.

अनामत मोठी घ्या. आणि सही दोन्हीकडची घ्या, नुसती मुलीच्या वडिलांची नको. ब्लास्ट नेहमी नवऱ्याकडचे आणतात.